अंडरफ्लोअर हीटिंग: दर हिवाळ्यात तीच एक खोली गार का राहते?

तक्रार साधारण अशी असते. घरभर फरशीखाली गरम पाण्याचे पाइप आहेत, बॉयलर चालू आहे, बाकीच्या खोल्या २०-२१ अंशांवर आहेत आणि एकच खोली १७-१८ च्या वर जायला तयार नाही. मग कुणीतरी मॅनिफोल्डचं, म्हणजे घरभरच्या पाइपांना पाणी जिथून वाटलं जातं त्या नळ्यांचं, कपाट उघडतं, दोन-चार नॉब इकडेतिकडे फिरवतं, पंपाचा वेग वाढवतं. आठवडाभर बरं वाटतं. थंडी वाढली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या, आणि तोवर भलत्याच खोलीत उकडायला लागलेलं असतं.

आमच्याकडे ती खोली आईची होती. टोकाची, दोन बाजूंना बाहेरच्या भिंती, मॅनिफोल्डपासून सगळ्यांत लांब. तीन हिवाळे ती "अगं, माझ्याकडची फरशी गारच आहे बघ" म्हणत राहिली आणि आम्ही पंपाचा वेग एकवरून दोनवर, दोनवरून तीनवर नेत राहिलो. रात्री पाइपांतून पाण्याचा आवाज यायला लागला, स्वयंपाकघरात अनवाणी उभं राहवेना, आईच्या खोलीतला काटा मात्र साडेसतरावर. शेवटी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की या खोलीला मिनिटाला किती लिटर पाणी लागतं हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नव्हता. तो आकडा हातात नसेल तर मॅनिफोल्डवरचं प्रत्येक फिरवणं अंदाजपंचे होतं. त्यामुळे आधी आकडा कसा काढायचा ते सांगते, मग दोष कसा शोधायचा ते.

मॅनिफोल्डवर आधी काय बघायचं

मॅनिफोल्ड म्हणजे दोन आडव्या नळ्या. एकीतून गरम पाणी प्रत्येक लूपमध्ये, म्हणजे खोलीच्या फरशीखालून फिरून परत येणाऱ्या एकेका पाइपात जातं, दुसरीत सगळ्या लूपांचं पाणी परत येतं. बहुतेक ठिकाणी एका नळीवर प्रत्येक लूपसाठी छोटी काचेची नळी असते, त्यात लाल रंगाचा ठोकळा आणि शेजारी ० ते ४ किंवा ० ते ५ असे आकडे. हा फ्लोमीटर, आकडे लिटर प्रति मिनिटाचे. दुसऱ्या नळीवर ॲक्च्युएटर, म्हणजे थर्मोस्टॅटच्या हुकमाने लूप उघडणारी-मिटणारी टोपी.

मोजायच्या आधी घरातले सगळे थर्मोस्टॅट पूर्ण वर न्या आणि पाच-दहा मिनिटं थांबा. ॲक्च्युएटरच्या आतलं मेण तापून फुगायला तेवढा वेळ लागतो. एखादी टोपी मिटलेली असताना केलेली नोंद फसवी असते, कारण तिच्या वाटचं पाणी बाकीच्यांत वाटलं गेलेलं असतं.

मग प्रत्येक लूपचे तीन आकडे लिहून घ्या: फ्लोमीटरवरचा प्रवाह, जाणाऱ्या पाण्याचं तापमान, परतीच्या पाण्याचं तापमान. तापमान मोजताना मी सुरुवातीला इन्फ्रारेड बंदूक वापरली आणि चकचकीत पितळी नळीवर तिने १० अंश कमी दाखवले. चमकदार धातूवर ती बंदूक विश्वासाची नाही. नळीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर नेम धरा, किंवा सरळ वायरचा प्रोब पाइपला बांधून वरून फोमचा तुकडा गुंडाळा. प्रोब बरा. प्लास्टिकच्या पाइपावर वाचन आतल्या पाण्यापेक्षा किंचित कमी येतं, पण दोन्ही पाइपांवर एकाच पद्धतीने मोजलं तर फरक बराचसा बरोबर मिळतो आणि आपल्याला फरकच हवा आहे.

आमची पहिली नोंद अशी होती. सगळे लूप पूर्ण उघडे. जाणारं पाणी ३८. बाथरूमचा लूप २.५ लिटर, परत ३६. आईच्या खोलीचा लूप ०.८ लिटर, परत २३. काचेतला लाल ठोकळा एकच्या रेघेखाली थरथरत होता. आधीच्या तीन वर्षांत मी तो कितीदा तरी पाहिला असेन, पण तो काय सांगतोय ते कळत नव्हतं.

लागणारा प्रवाह कसा काढायचा

एक किलो पाणी एक अंशाने थंड झालं की सुमारे ४१८६ ज्यूल उष्णता सोडतं. मिनिटाला एक लिटर पाणी वाहतंय आणि ते एक अंशाने थंड होऊन परत येतंय, तर ४१८६ भागिले ६०, म्हणजे जवळपास ७० वॅट उष्णता फरशीत उतरली. बस, एवढंच लक्षात ठेवायचं. बाकी सगळं यातून निघतं:

लिटर प्रति मिनिट = लागणारे वॅट ÷ (७० × जाणाऱ्या आणि परतीच्या पाण्यातला फरक)

आईच्या खोलीची आजची कमाई यावरून लगेच काढता येते. ०.८ लिटर, फरक १५ अंश: ७० × ०.८ × १५ = ८४० वॅट. आता तिची गरज किती?

गरज म्हणजे खोली बाहेर जितकी उष्णता गमावते तितकी. हा हिशोब लोक टाळतात, पण एका खोलीसाठी तो वीस मिनिटांचा आहे. प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचं यू-मूल्य, म्हणजे एक अंश फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात तो आकडा. ११ चौरस मीटरच्या त्या खोलीत बाहेरच्या भिंती खिडकी वगळून १४.९ चौरस मीटर, यू १.२ धरला, झाले १७.९. जुनी दुहेरी काचेची खिडकी ३ चौरस मीटर, यू २.८, झाले ८.४. छत ११ चौरस मीटर, यू ०.३५, झाले ३.९. हवेची गळती वेगळी धरावी लागते: खोलीचं घनफळ २९.७ घनमीटर, हवा तासाला एकदा बदलते असं धरलं तर ०.३३ (एक अंश फरकाला घनमीटरमागे जाणारे वॅट) × २९.७ = ९.८. बेरीज ४० वॅट प्रति अंश. आत २० आणि बाहेर उणे २ धरले तर २२ अंशांचा फरक, म्हणजे ८८० वॅट. चौरस मीटरला ८०.

यात अजून एक भर. पाइपातली सगळी उष्णता वर येत नाही, काही खाली जाते. खालचं इन्सुलेशन चांगलं असेल तर १० टक्के धरा. म्हणजे लूपला ९६८ वॅट द्यायला हवेत आणि मिळत होते ८४०. साडेसतरा अंशांचं कोडं इथेच उलगडलं.

फरक किती धरायचा? फरशीच्या लूपसाठी ५ ते १० अंश. हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता खेचून पाणी तापवणारं यंत्र) असेल तर ५ च्या जवळ राहा, बॉयलर असेल तर ७ ठीक. फार मोठा फरक ठेवला तर लूपच्या सुरुवातीची फरशी कोमट आणि शेवटची गार असा पट्टा पायाला जाणवतो. मी ७ धरला: ९६८ ÷ ४९० = १.९८. म्हणजे आईच्या खोलीला मिनिटाला २ लिटर लागत होते आणि मिळत होते ०.८.

बाकीच्या लूपांचाही असाच हिशोब केला. दिवाणखान्याचे दोन लूप, प्रत्येकी १.३५. स्वयंपाकघर १.२. झोपायची खोली १.२५. बाथरूम अवघे ०.८, आणि तिथे वाहत होते २.५! सगळ्यांची बेरीज ८ लिटर. ही बेरीज जपून ठेवा, पंपासाठी लागते.

पंप वाढवून का भागत नाही

पाणी सोपी वाट धरतं. १६ मिलिमीटर बाहेरच्या आणि १२ मिलिमीटर आतल्या मापाच्या पाइपातून मिनिटाला २ लिटर वाहतात तेव्हा दर मीटरला सुमारे १३५ पास्कल दाब खर्च होतो. आईच्या खोलीचा लूप ९७ मीटर: पाइपांमधलं अंतर १५० मिलिमीटर, म्हणून चौरस मीटरला ६.७ मीटर या हिशोबाने ७३ मीटर खोलीत आणि मॅनिफोल्डपर्यंत जाऊन-येऊन २४ मीटर. तेवढ्याला १३ किलोपास्कल, म्हणजे १.३ मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब लागतो. तोच दाब बाथरूमच्या ४४ मीटरच्या लूपला मिळाला आणि तो मोकळा सोडलेला असला तर त्यातून ३ लिटर धावतात, गरजेच्या जवळपास चौपट.

पंपाचा वेग वाढवला की आधी हा आखूड लूपच जास्त पितो. लांब लूपला थोडं मिळतं, पण त्याची किंमत आवाजाने आणि विजेने मोजावी लागते, कारण एकाच लूपमधला प्रवाह दुप्पट करायचा तर दाब जवळपास ३.४ पट लागतो.

आणि समजा केलाच दुप्पट, तर उष्णता दुप्पट मिळते का? नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तीन हिवाळे वाचले असते. फरशी किती उष्णता देते हे पाइपातल्या पाण्याच्या सरासरी तापमानावर ठरतं. जाणारं ३८, परत ३१, म्हणजे सरासरी ३४.५, खोलीपेक्षा १४.५ अंश वर. प्रवाह दुप्पट केला की परतीचं पाणी ३१ ऐवजी ३४ च्या आसपास येतं, सरासरी जेमतेम दीड अंश वाढते आणि उष्णता ११ टक्के. जाणारं पाणी ३८ चं ४० केलं तर तेवढीच वाढ मिळते, तीही पंपाला न दमवता. उलट प्रवाह निम्मा केला तर परतीचं पाणी २६ वर येतं आणि उष्णता १६ टक्के घटते. म्हणजे प्रवाह गरजेइतका झाला की पुढे वाढवून फारसं हाती लागत नाही. गरजेच्या निम्म्याखाली गेला की मात्र खोली झपाट्याने मागे पडते. आईची खोली त्या दुसऱ्या बाजूला होती.

मग लूपमध्ये दोष होता की वाटपात?

इथे एक छोटी तपासणी फार उपयोगी पडते आणि ती कुणी करताना दिसत नाही. सगळे लूप पूर्ण उघडे असताना त्यांच्यावर दाब सारखाच असतो, त्यामुळे पाइप एकाच मापाचा असेल तर प्रवाह फक्त लांबीवर ठरतो. ४४ आणि ९७ मीटरचं गुणोत्तर घेतलं तर (प्रवाह दुप्पट व्हायला दाब ३.४ पट लागतो, म्हणून थेट ४५ टक्के नाही) लांब लूपला आखूड लूपच्या सुमारे ६४ टक्के पाणी मिळायला हवं. बाथरूमला २.५ होते, म्हणजे आईच्या खोलीला १.६ मिळायला हवे होते. मिळत होते ०.८. म्हणजे अर्धं दुखणं वाटपाचं आणि अर्धं त्या लूपच्याच आत कुठेतरी अडकलेलं. नुसतं संतुलन साधून, म्हणजे झडपा आवळून-सोडून प्रत्येक लूपला त्याच्या वाटचं पाणी देऊन, भागलं नसतं. तुमच्याकडे लांबीच्या हिशोबाने येणारा आकडा आणि फ्लोमीटरवरचा आकडा जवळपास जुळत असेल तर लूप निरोगी आहे, थेट संतुलनाकडे जा.

जुळत नसेल तर या क्रमाने बघा.

फ्लोमीटर खरं बोलतोय का? लूप पूर्ण बंद करा, लाल ठोकळा शून्यावर यायलाच हवा. अधेमधे अडकून राहिला तर काच काळवंडली आहे किंवा आतली स्प्रिंग चिकटली आहे. काही मॅनिफोल्डवर ही काच पाणी न काढता उघडून धुता येते, काहींवर नाही. आधी खात्री करून घ्या. सगळेच ठोकळे शून्यावर आणि पाइप मात्र गरम असतील तर जाणारी आणि परतीची मुख्य नळी उलट जोडलेली असू शकते.

पिन मोकळी आहे का? वीज बंद करून ॲक्च्युएटरची टोपी काढा. खाली एक बारीक पिन दिसेल. लाकडाच्या तुकड्याने दाबली की आत जाऊन लगेच उसळून वर यायला हवी. उन्हाळाभर मिटून राहिलेली पिन तशीच चिकटून बसते. हळूहळू दाबून सोडत राहा, बहुतेक वेळा सुटते. पकडीने ओढायची वेळ आली तर फार जोर लावू नका, सगळी पिनच बाहेर आली तर पाणी उडेल.

पिनही मोकळी असेल तर हवा. फरशीखालच्या लूपमध्ये अडकलेली हवा रेडिएटरसारखी वर येऊन बसत नाही. ती पाइपात जिथे किंचित उंचवटा असेल तिथे थांबते आणि पंपाच्या रोजच्या दाबाने हलत नाही. ती बाहेर काढायला लूप एकेक करून धुवावा लागतो. बॉयलर आणि पंप बंद. मॅनिफोल्डच्या मुख्य झडपा बंद. एक सोडून सगळे लूप बंद. भरायच्या नळाला नळाचं पाणी जोडा, परतीच्या नळीच्या टोकाला दुसरा पाइप लावून बादलीत सोडा, आणि पाणी एरवी ज्या दिशेने वाहतं त्याच दिशेने जाऊ द्या. दाबमापकावर नजर ठेवा, सेफ्टी व्हॉल्व्हच्या मर्यादेच्या बराच खाली राहा.

आईच्या खोलीच्या लूपमध्ये मीटरला ०.११३ लिटर या हिशोबाने ११ लिटर पाणी मावतं. पहिली बादली काळसर निघाली, तळाशी बारीक काळी पूड बसलेली. पाइपाचं तोंड पाण्याखाली धरलं होतं. बराच वेळ काही नाही आणि मग एकदम भकाभका बुडबुडे. थांबलं असं वाटून मी नळ बंद करणार होते, तेवढ्यात दुसरा लोट आला. म्हणून सांगते, लूपमधलं पाणी निदान तीन-चार वेळा बदलेल इतकं वाहू द्या. मी ४५ लिटर सोडलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा लाल ठोकळा १.६ वर स्थिर झाला, हिशोबात होता तिथेच.

हवा परत का येते

आमचा त्रास दरवर्षी परतून यायचा त्याचं कारण इथे होतं, आणि ते मॅनिफोल्डमध्ये नव्हतं तर आमच्या सवयीत होतं. दर हिवाळ्याच्या तोंडी दाब १.५ बारवरून ०.८ वर आलेला असायचा आणि आम्ही नळ उघडून पाणी भरायचो. बंद फिरणाऱ्या पाण्याचा दाब असा दरवर्षी उतरत असेल तर पाणी कुठूनतरी जातंय किंवा एक्स्पान्शन टँकमधली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेली आहे. दर वेळी भरलेल्या ताज्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू येतो, लोखंडी भाग खातो आणि ती काळी पूड तयार होते. सोबत हवाही येतेच.

कपाटाच्या तळाशी टॉर्च मारून बघत होते तेव्हा आईच्या लूपच्या नटाखाली पांढरट-हिरवा खरवडा दिसला, नखाएवढा. ओल अशी नव्हतीच. थेंब येऊन गरम नळीवर वाळत होता, फक्त क्षार मागे राहत होते. नट पाव फेरा आवळला, खरवडा पुसून तिथे टिश्यू पेपर गुंडाळला आणि दोन दिवसांनी कोरडा मिळाला. तुमच्याकडेही प्रत्येक नटाखाली असंच बघा. गळती शोधताना पाण्यापेक्षा क्षारांच्या डागावर नजर ठेवा. ऑटोमॅटिक एअर व्हेंटची छोटी टोपी कुणी घट्ट बंद करून ठेवलेली नाही ना, तेही बघून घ्या, ती थोडी सैल असेल तरच हवा बाहेर पडते. धुऊन झाल्यावर पाण्यात गंज रोखणारं इनहिबिटर घाला आणि परतीच्या मुख्य नळीवर मॅग्नेटिक फिल्टर नसेल तर बसवून घ्या.

गळती कुठेच नाही आणि तरी काळं पाणी दरवर्षी निघत असेल तर पाइपाकडे संशय जातो. फरशीखालच्या प्लास्टिकच्या पाइपात प्राणवायू अडवणारा थर असावा लागतो. तो नसलेला पाइप घातला असेल तर प्राणवायू पाइपाच्याच भिंतीतून पाण्यात पाझरत राहतो. तो पाइप बदलता येत नाही. मग लोखंडी भाग असलेली बाजू प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन्हीकडचं पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारं साधन) घालून वेगळी करणं हाच मार्ग उरतो.

संतुलन: सगळ्यांत गरजू लूप उघडा ठेवा, बाकीचे आवळा

पंपावर स्थिर दाबाची रीत असेल तर तीच निवडा. लूप एकमेकांना समांतर असतात. एखादा मिटला तरी बाकीच्यांवरचा दाब तोच राहायला हवा. आमचा सगळ्यांत अवघड लूप १.३ मीटर मागतो, झडपा-फ्लोमीटरसाठी अजून थोडं धरून मी पंप २ मीटरवर ठेवला. पूर्वी तो पूर्ण वेगाने धावत होता, आता कपाटाला कान लावला तरी आवाज येत नाही.

आईचा लूप पूर्ण उघडा. मग बाथरूम ०.८ पर्यंत आवळला, आणि तेवढ्यानेच आईचा लूप वर सरकला. पुढे दिवाणखाना, झोपायची खोली, स्वयंपाकघर. एक आवळला की बाकी सगळे हलतात, म्हणून एका फेरीत काम होत नाही. दोन फेऱ्यांत जवळ आलं, तिसऱ्या फेरीत बसलं. दशांशाचा हट्ट धरू नका, काचेवरच्या रेघा तितक्या बारीक नसतातच. फ्लोमीटर नसेल तर हेच काम परतीच्या तापमानावर करता येतं: जो लूप ठरलेल्या फरकापेक्षा गरम परत येतो तो आवळायचा, जो गार येतो तो सोडायचा. वेळ जास्त लागतो इतकंच.

आणि मग थांबायचं. हा सगळ्यांत कठीण भाग आहे. ५ सेंटिमीटर स्क्रीडचं, म्हणजे पाइपांवरच्या सिमेंटच्या थराचं, वजन चौरस मीटरला सुमारे १०० किलो, म्हणजे आईच्या खोलीत अकराशे किलो सिमेंट. ९७० वॅटने ते एक अंश तापवायला, वर काहीच उष्णता जात नाही असं धरलं तरी, १८-२० मिनिटं लागतात. खोली खऱ्या अर्थाने स्थिरावायला एक पूर्ण दिवस द्या. संध्याकाळी नॉब फिरवून रात्री पुन्हा फिरवणारा माणूस मागच्या बदलाचं फळ बघतच नाही.

एक बारीक गोष्ट. फरशीला हात लावून निकाल देऊ नका. २० अंशांच्या खोलीत चौरस मीटरला ५० वॅट देणारी फरशी फक्त २५ अंशांच्या आसपास असते आणि तळहात त्याहून गरम असतो, म्हणून ती हाताला गारच लागते. आमच्या दिवाणखान्याची फरशी तशीच आहे आणि खोली उत्तम उबदार आहे.

दुसऱ्या दिवशी आईची खोली २० वर, परत ३१. स्वयंपाकघर मात्र २३! सूत्र चुकलं नव्हतं. पाण्याचं तापमान सगळ्यात गरजू खोलीसाठी ठरवलेलं असतं, आणि तेच पाणी कमी गरजेच्या, उघड्या टाइलच्या खोलीत गेलं की ती जास्त तापते. दिवाणखान्यात वर लाकडी फ्लोअरिंग आहे, ते उष्णता अडवतं, म्हणून तिथे १.३५ बरोबर बसले. स्वयंपाकघर मी टप्प्याटप्प्याने ०.७ पर्यंत आणलं. तिथे फरक आता १२ अंश आहे आणि तो तसाच असू द्यावा. सगळ्या लूपांचा फरक सारखाच आला पाहिजे असं नाही. सूत्राचा आकडा ही सुरुवात, शेवटचा निकाल खोलीच्या थर्मामीटरचा.

बॉयलर किंवा हीट पंपाच्या बाजूला

मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे बॉयलरच्या गरम पाण्यात परतीचं पाणी मिसळणारी झडप, असेल तर बॉयलरकडून येणारा प्रवाह फरशीतल्या प्रवाहापेक्षा खूप कमी असतो आणि ते बघून घाबरू नये. ६० अंशांचं पाणी येऊन ३१ ला परत जातंय, तर आमच्या एकूण ३९०० वॅटसाठी मिनिटाला २ लिटर पुरतात. फरशीत ८ फिरतात, त्यातले ६ परतीचेच पुन्हा मिसळलेले. हीट पंप थेट जोडलेला असेल तर गणित बदलतं: फरक ५, म्हणून ११ लिटर लागतात. शिवाय प्रत्येक हीट पंपाला किमान प्रवाह लागतोच. थर्मोस्टॅटनी बरेच लूप मिटवले की तो कमी प्रवाहाचा दोष दाखवून थांबतो. तिथे एक-दोन मोठ्या लूपांवर ॲक्च्युएटर न लावता ते कायम उघडे ठेवतात. पाण्यात ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते) असेल तर ते मिश्रण उष्णताही कमी वाहतं आणि दाटही असतं, म्हणून प्रवाह आणि पंपाचा दाब दोन्ही थोडे वर धरा.

सगळं बरोबर आहे आणि तरी खोली गार

प्रवाह हिशोबाप्रमाणे, परतीचं तापमान ठीक, हवा नाही, आणि खोली तरी मागे? मग पाइपांचा पिच्छा सोडा. माणसं वावरतात त्या भागात फरशी २९ अंशांच्या वर नेत नाहीत, आणि २० अंशांच्या खोलीत २९ अंशांची फरशी चौरस मीटरला सुमारे १०० वॅट देते. खोलीची गरज १२० निघाली तर उरलेले २० कुठल्याही पंपाने येणार नाहीत. खिडकीच्या फटी बुजवा, काच बदला, किंवा एक छोटा रेडिएटर जोडा. जाड गालिचा, पाय नसलेला पलंग, भिंतभर कपाट यांनी झाकलेली जमीनही हिशोबातून वजा करा. आईच्या पलंगाखाली एक सतरंजी घडी करून ठेवलेली होती, जवळपास दोन चौरस मीटर. ती काढून पलंगाच्या पायांखाली ठोकळे दिले, तेव्हा खोली आणखी अर्धा अंश वर आली.